डी.पी. एक, मोटारी चौदा



पौषातली गोष्ट. आमच्या कार्यक्षेत्रातल्या एका गावी गव्हाचे प्रात्यक्षिक प्लॉट पाहायला गेलो होतो. नोव्हेंबरच्या मध्यावर पेरलेला गहू बासष्ट दिवसांचा झालेला, ओंब्या नुकत्याच बाहेर पडलेल्या. पेरणीनंतर २०-२२ दिवसांनी मुकुटमुळे फुटताना, ४०-४२ दिवसांनी कांडी धरताना आणि ६०-६५ दिवसांनी फुलोरा व चीक भरण्याच्या वेळी, अशी गव्हाच्या तीन पाण्यांची वेळ या सदरात मी किती वेळा लिहिली असेल! त्या गावच्या मंडळींनी पहिली दोन पाणी बिनचूक दिली होती. तिसऱ्या पाण्याला विहिरीत पाणी होते, दंड कोरून ठेवलेले होते, बारे द्यायला माणूस होता, वीज नव्हती. तीन दिवसांपूर्वी डी.पी. जळाली होती.

"साहेब, डी.पी.च हलकी बसवलीय. तीन वर्षांत ही चौथ्यांदा," एक आबा म्हणाले. पारावरच्या सगळ्यांनी माना डोलावल्या.

मी विजेचा माणूस नव्हे. माझे शिक्षण शेतकीचे. पण पाण्याची पाळी चुकली की पडणारे पीक माझ्या खात्यातले असते. म्हणून गावचा वायरमन आणि वीज खात्यातून निवृत्त झालेले एक स्नेही यांना बरोबर घेऊन दुसऱ्या आठवड्यात पुन्हा गेलो. नवव्या दिवशी नवी डी.पी. बसली होती. त्या डी.पी.वरच्या चौदाही मोटारी आम्ही एकेक करून पाहिल्या. तो हिशेब आज तुमच्यापुढे मांडायचा आहे. मात्र त्याआधी दोन गोष्टींतला फरक ध्यानात घ्यायला हवा, कारण निम्मा घोटाळा तिथेच होतो.

विजेचे माप दोन प्रकारचे असते. एक युनिट आणि दुसरे किलोवॉट. आपल्या पाटाच्या पाण्यावरून पाहा. रात्रभर पाणी घेऊन शेततळे भरले, तर तळ्यात किती पाणी जमले ते एक माप झाले. आणि एका वेळी चारीतून किती पाणी वाहत होते ते दुसरे माप झाले. युनिट म्हणजे तळ्यात जमलेले पाणी. किलोवॉट म्हणजे चारीतला त्या घडीचा प्रवाह. हजार वॉटची इस्त्री तासभर चालली की एक युनिट होते. नऊ वॉटचा एल.ई.डी. दिवा तेवढेच एक युनिट जाळायला १११ तास घेतो. वीजबिल युनिटवर येते म्हणून घरात आपण युनिटचाच विचार करतो. पण तारेला, फ्यूजला आणि डी.पी.ला युनिटशी काही देणेघेणे नसते. आत्ता, या क्षणाला, किती ओढले जात आहे एवढेच तिला कळते. महिन्याकाठी थोडीच वीज वापरणारा माणूससुद्धा एकाच वेळी सगळे यंत्र चालू करून फ्यूज उडवू शकतो. सकाळी पाणी तापवायची कॉइल, मिक्सर आणि गोठ्यातले कडबाकुट्टी यंत्र एकदम लावून पाहिलेल्या भगिनींना हे सांगायला नको!

आता डी.पी.चा आकार कसा ठरवतात? गावठाणात शंभर घरे असली तर शंभर इस्त्र्या असतील, पण शंभरही एकाच मिनिटाला तापत नाहीत. कोणाची सकाळी, कोणाची दुपारी. त्यामुळे सगळ्या घरांच्या मंजूर भाराच्या बेरजेपेक्षा पुष्कळ लहान डी.पी. गावठाणाला पुरते. शेतीचे तसे नाही. बऱ्याच भागांत शेतीच्या फीडरला तीन फेज वीज दिवसातले ठरावीक तासच मिळते. वीज येण्याची वाट चौदाही जण पाहत असतात आणि ती आली की चौदाही मोटारी एकदम लागतात. घरची वीज दिवसभर असते म्हणून वापर पांगतो; शेताची वीज मोजक्या तासांची म्हणून वापर एका जागी गोळा होतो. शेतीच्या डी.पी. गावातल्या डी.पी.पेक्षा जास्त का जळतात, याचे मोठे कारण मला हेच वाटते.

सगळ्यांनी एकदम केल्याने काय होते, ते आपण ५ एप्रिल २०२० रोजी केवढ्या मोठ्या प्रमाणावर पाहिले. त्या रात्री नऊ वाजता नऊ मिनिटे देशभर लोकांनी घरचे दिवे मालवून पणत्या लावल्या. दिवेच काय ते. पण देशाची वीजमागणी बघता बघता सुमारे ३१ हजार मेगावॉटने खाली आली आणि नऊ मिनिटांनी परत चढू लागली. वीज साठवून ठेवता येत नाही असे नाही, पण फार थोडी येते. जेवढी मागणी तेवढी निर्मिती त्याच क्षणी करावी लागते. कोळशाच्या केंद्राला असा उतार-चढ सोसत नाही. म्हणून त्या रात्री धरणांवरच्या जलविद्युत केंद्रांवर मुख्य भिस्त ठेवली होती. आपली १,९६० मेगावॉटची कोयनाही अशाच कामाची. पाणी सोडले की काही मिनिटांत यंत्र चालू होते, म्हणून मागणी चढते त्या वेळी तिला हाक मारतात. देशाच्या मदतीला कोयना आहे. बांधावरच्या डी.पी.च्या मदतीला कोण आहे?

असो. आपल्या चौदा मोटारींकडे वळू.

डी.पी. ६३ के.व्ही.ए.ची. तिच्या प्रत्येक फेजमधून सुमारे ८४ अँपिअर करंट सुखाने जाऊ शकतो. कागदोपत्री तिच्यावर दहा पंप तीन अश्वशक्तीचे आणि चार पंप पाच अश्वशक्तीचे होते. एकूण ५० अश्वशक्ती. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॉट. म्हणजे ५० अश्वशक्तीचे ३७ किलोवॉट झाले. पण हे झाले मोटारीने केलेले काम. शंभर भाग वीज घेऊन बरी मोटार ऐंशी भाग काम करते, उरलेले वीस भाग तापण्यात जातात. तेव्हा डी.पी.कडून ४६-४७ किलोवॉट घ्यावे लागतात. त्यात पॉवर फॅक्टर म्हणून एक प्रकरण असते, ते पुढे सांगतो. ते ०.७५ धरले तर डी.पी.वरचा बोजा ६२ के.व्ही.ए. होतो. म्हणजे कागदावर ६३ ची डी.पी. अगदी मापात बसते. आबांना वाटत होते तशी ती हलकी बसवलेली नव्हती.

मग प्रत्येक पंपावर गेलो. वायरमनने टाँग टेस्टर तारेला लावून करंट मोजला, स्नेह्यांनी पाटी पाहिली. कुठे पाटी नव्हतीच, कुठे पाटीवर तीन आणि करंट साडेआठ अँपिअर! संध्याकाळी बेरीज केली. दहा 'तीन'च्या पंपांपैकी खरे तीनचे फक्त दोन. नऊ पंप पाचचे, तीन साडेसातचे. एकूण साडेत्र्याहत्तर अश्वशक्ती. त्याच हिशेबाने बोजा निघतो ९१ के.व्ही.ए., आणि करंट ८४ च्या जागी १२१ अँपिअर. करंट दीडपटही झाला नाही म्हणून कोणी निश्चिंत राहू नये. तारेतली उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. इथे करंट जवळजवळ १.४४ पट, म्हणून वेटोळ्यातली उष्णता दुपटीहून थोडी जास्तच. वेटोळ्यावरचा कागद भाजतो, तेल काळे पडते, आणि मग एक दिवस धूर.

हे वाचून कोणी रागावू नये. भार का लपवला गेला, ते मला ठाऊक आहे. मीटर नसलेल्या पंपाचे बिल अश्वशक्तीवर येते. विहीर खोल गेली, तीनच्या पंपाने पाणी येईना. पाचचा बसवला, नोंद तशीच राहिली. काही मोटारी तर पाटीला प्रामाणिकच होत्या, पण जळाल्यावर वाइंडिंग करताना कारागिराने 'कमी व्होल्टेजला चालेल अशी' भरून दिली आणि ती जास्त ओढू लागली. मालकाला पत्ताच नाही. पण डी.पी. देणारा माणूस कागदावरचे ५० पाहून ६३ के.व्ही.ए. देतो. जळाली की नवीही तेवढीच येते, आणि तीही जळते. २०२४ पासून मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजनेत साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांचे बिल सरकार भरते. तीनचे पाच लिहून घेतल्याने ज्यांच्या खिशाला आता तोशीस लागत नाही, त्यांनी तरी भार खरा लिहून द्यायला हरकत कसली? खरा भार नोंदला तरच १०० के.व्ही.ए.ची डी.पी. किंवा दुसरी जोडडी.पी. मागता येते. खोट्या कागदावर मोठी डी.पी. मागणार कशी?

आता व्होल्टेजचे बघा. डी.पी.वर बोजा वाढला की व्होल्टेज पडते. लाइनच्या टोकाला तर फारच पडते. व्होल्टेज पडले म्हणून मोटारीचे काम कमी होत नाही. विहिरीतले पाणी तितक्याच उंचीवर चढवायचे असते. तेव्हा ती जास्त करंट ओढते. एका मोटारीने जास्त ओढले की व्होल्टेज आणखी पडते, मग बाकीच्या तेरा आणखी ओढतात. एकाने दुसऱ्याला ढकलावे, दुसऱ्याने तिसऱ्याला, अशी ही यात्रेतली रेटारेटी आहे.

या लाइनच्या अगदी टोकाला एका काकूंची विहीर आहे. यजमान वारल्यापासून चार एकर त्याच पाहतात. त्यांचा पंप खरोखरीच्या तीन अश्वशक्तीचा. त्या दोनांतला एक. त्यांच्या स्टार्टरवर आम्ही व्होल्टेज मोजले तेव्हा ४१५ च्या जागी ३१० भरले. इतक्या कमी व्होल्टेजवर मोटार सुमारे एक तृतीयांश करंट जास्त ओढते. काकूंची मोटार दोन वर्षांत दोनदा जळाली होती. दर वेळी वाइंडिंगचे साडेतीन-चार हजार आणि चार-पाच दिवसांचा खोळंबा. "मी तर कागदावर आहे तेवढाच पंप लावलाय, साहेब. मग माझीच मोटार का जळते?" त्यांनी विचारले. त्या वेळी बरोबर आलेल्या मंडळींपैकी कोणीच काही बोलले नाही.

उपायांकडे येतो. पहिला उपाय ऑटो स्विच काढण्याचा. हे साधन सोयीचे आहे, खोटे कशाला बोला! थंडीत रात्री दोनला वीज आली तर अंथरुणातून उठावे लागत नाही, बिबट्याच्या भागात तर जिवाची भीती टळते. पण मोटार सुरू होताना काही सेकंद नेहमीच्या सहापट करंट घेते. पाचची मोटार चालताना आठ अँपिअर घेत असेल तर सुटताना पंचेचाळीस-पन्नास. चौदाही ऑटोवर असल्या की वीज येताच सगळ्या एकदम सुटू पाहतात. व्होल्टेज इतके कोसळते की एकीलाही वेग धरता येत नाही, सगळ्या नुसत्या गुरगुरत राहतात आणि फ्यूज जातो. मग कोणीतरी फ्यूजमध्ये जाड तार भरतो. फ्यूज टिकतो, डी.पी. जाते. (आणि हे काम स्वतः करायला गेलेला माणूसही जातो. डी.पी.ला हात लावायचा तो लाइनमननेच. आपण नाही, कितीही निकड असली तरी नाही.) त्या गावी चौदांपैकी अकरांना ऑटो होते. एकमेकांमागे दोन-दोन मिनिटांनी मोटारी लागल्या तर हा सारा प्रसंग टळतो.

दुसरा उपाय कपॅसिटरचा. मघाशी सोडलेले पॉवर फॅक्टर ते हेच. मोटारीला दोन प्रकारचा करंट लागतो. एक पाणी चढवण्याचे काम करतो. दुसरा आतले चुंबकत्व तयार करण्यापुरता असतो, तो डी.पी.पासून मोटारीपर्यंत नुसता ये-जा करतो. रस्त्यावर भरलेल्या गाड्यांबरोबर रिकाम्या गाड्याही फिरत राहाव्यात, माल नेऊ नये पण रस्ता मात्र अडवावा, तसे. कपॅसिटर बसवला की या रिकाम्या गाड्या मोटारीपाशीच वळतात, मुख्य रस्त्यावर येत नाहीत. तीन अश्वशक्तीला १, पाचला २ आणि साडेसातला ३ के.व्ही.ए.आर.चा कपॅसिटर चालतो. आम्ही पाचच्या एका मोटारीला दोनचा लावून पाहिला. करंट ८.६ वरून ७.१ अँपिअरवर आला. सगळ्या चौदा मोटारींना लावले तर डी.पी.वरचा बोजा ९१ वरून ७५ के.व्ही.ए.वर येतो. याने तुमच्या मीटरवरचे युनिट म्हणण्यासारखे कमी होत नाहीत, हे मोकळेपणी सांगतो. दुकानदार काहीही सांगो. फायदा तारेला, डी.पी.ला आणि व्होल्टेजला. कपॅसिटर वायरमनकडूनच बसवून घ्यावा. तो स्टार्टरच्या मोटारीकडच्या बाजूला हवा, म्हणजे मोटार बंद होताच तोही सुटतो. बंद केल्यावरही काही वेळ त्यात वीज शिल्लक असते, म्हणून लगेच हात लावू नये. वर्षातून एकदा करंट मोजून तो जिवंत आहे का ते पाहावे. आम्हाला तीन ठिकाणी कपॅसिटर दिसले. तिन्हींच्या तारा सुटलेल्या. महावितरण ऑटो स्विच काढा, कपॅसिटर लावा म्हणून वारंवार आवाहन करते. ते आवाहन आपण वाचतो आणि पान उलटतो.

पण ७५ सुद्धा ६३ पेक्षा जास्तच. म्हणून तिसरा उपाय, पाळीचा. इथे मंडळी अडली. "आधीच आठ तास, त्यात पाळी? मग पाणी द्यायचे कधी?" प्रश्न रास्त होता. मी म्हटले, बाबांनो, पाटाच्या पाण्याला आपण पाळी पाळतोच ना? धुळे-नाशिककडच्या फड पद्धतीत तर शेकडो वर्षांपासून गावच पाटकरी नेमून पाणी वाटते, आणि पाटकऱ्याने फळी घातली की मोठा बागाईतदारही गप्प बसतो. विजेची चारीही तेवढीच अरुंद आहे.

मग स्नेह्यांनी कागदावर वाटणी करून दाखवली. तीन गट. प्रत्येक गटात एक साडेसातची आणि तीन पाचच्या मोटारी, म्हणजे साडेबावीस अश्वशक्ती. रोज एका गटाला सुट्टी, दोन गट चालू. खऱ्या तीनच्या दोन पंपांना सुट्टी नाही. कोणत्याही दिवशी चालू राहतात ५१ अश्वशक्ती, कपॅसिटरसह ५२ के.व्ही.ए. डी.पी.ला अकरा के.व्ही.ए.ची उसंत. तीन दिवसांत एक दिवस मोटार बंद ठेवायची, एवढाच त्याग. तशी सलग तीन दिवस कोणाच्या विहिरीला पाणी टिकते? ठिबकवाल्या एकाने कुरकूर केली. त्याला रोज थोडे पाणी लागते. त्याची सोय शेजाऱ्याशी वेळ बदलून झाली.

दिवसा वीज मिळू लागली की हे सगळे आपोआप सुटेल, असे काहींचे म्हणणे पडले. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ साली सुरू झाली, २०२३ पासून तिचा दुसरा टप्पा चालू आहे. जिथे ती पोचेल तिथे रात्रीचे हाल संपतील, ते मोठेच काम आहे. पण वीज सूर्याची असो की कोळशाची, ती येते त्याच ६३ च्या डी.पी.तून, आणि चौदा मोटारी दिवसा लागल्या काय नि रात्री लागल्या काय, तिला सारख्याच.

आता पुढे काय झाले ते. पाळीचे पत्रक मारुतीच्या देवळात लावले. अकरांपैकी आठ ऑटो निघाले. तिघे अजून 'काढतो, काढतो' म्हणताहेत. कपॅसिटर नऊ जणांनी बसवले. भार वाढवून लिहून देण्याचे अर्ज सात जणांनी भरले, बाकीचे त्या सातांचे काय होते ते पाहत आहेत! गव्हाचे तिसरे पाणी बारा दिवस उशिरा पडले, त्याची घट ओंबीत दिसलीच. दाणा बारीक राहिला. उन्हाळी भुईमुगाच्या पहिल्या पाण्यापासून मात्र पाळी चालू आहे.

परवा त्या बाजूला गेलो होतो तेव्हा वायरमनला घेऊन काकूंच्या विहिरीवर उभा राहिलो. मोटार चालू होती. मीटर लावला, ३८० व्होल्ट. काकूंना आकडा सांगितला तर त्या म्हणाल्या, "आकड्याचं मला कळत नाही, पण पाइपाची धार बघा." धार खरोखरच मनगटाएवढी पडत होती.